टपावरची होडी

अहो, ऐकताय ना? रविवारी तुमची होडी जाणार.

कयाक म्हणायचं, ठाऊक आहे मला. तुम्ही कानीकपाळी ओरडलात तेव्हाही मी होडीच म्हणत होते. आता तुम्ही नाही म्हणून एकदम सुधारेन, अशी आशा असेल तर सोडून द्या. जी पाण्यात टाकायची आणि वर बसून वल्हवायची, तिला आमच्याकडे होडी म्हणतात.

समीरने ठरवलंय. तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, घरात आम्ही माय-लेक आणि उरलेल्या लाडवांचा डबा. चहा पिता पिता म्हणाला, "आई, होडीचा फोटो टाकला होता मी. खराडीचा एक जण रविवारी येऊन घेऊन जाणार आहे. पार्किंगमध्ये धूळ खात पडण्यापेक्षा कुणीतरी वापरेल तरी." मी मान डोलावली. पोरगं वाईट नाही हो आपलं. तुमचं सगळं त्याने नीट केलं, कुठे आवाज चढवला नाही, मला एकटीला रडायला जागाही ठेवली. मग कप बशीत ठेवता ठेवता पुढचं बोलला, "आणि होडी गेली की गाडीचंही बघून टाकू. तुला आता कशाला लागणार?"

मी म्हटलं, "बघू."

तेव्हापासून मशीनवर मन लागत नाही. होडीसाठी नाही, खरं सांगते, गाडीसाठी. पण हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? आजवर गाडी बाहेर काढली ती काही ना काही कामासाठी, आणि बहुतेक वेळा ते काम म्हणजे तुमची होडी. काम संपलं. मग गाडी राहू दे म्हणायला माझ्याकडे उरलं काय? तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही पेपरमधून डोकं वर न काढता काहीतरी तिरकं बोलला असतात. तेवढंही पुरलं असतं मला. मशीनवर एक ब्लाउज तसाच पडलाय, एक बाही लावायची राहिलीये. राहू दे. मी आपली तुमच्याशी बोलत बसलेय.

सगळं जग घरात बंद होतं त्या महिन्यांत समीरला काय काय सुचलं होतं, आठवतंय? आधी पाव भाजून झाले, मग गिटार आली, आणि शेवटी ही होडी. आली तेव्हा टेम्पोवाल्याने आणि त्याच्या माणसाने उतरवताना आईबाप काढले. मासे धरायची खास होडी म्हणे. आत खुर्ची काय, गळ अडकवायला भोकं काय, पायाने मारायची पायडलं काय. मी म्हटलं, यात गॅसची शेगडी तेवढी राहिली. दोघांनी उचलली तरी कंबर धरेल असं ते धूड. पोराने दोन-चारदा पाण्यात घातली, मग कंपनीने बंगळूरला बोलावलं, आणि होडी नि त्याची गाडी, हे दोन जिन्नस आपल्या गळ्यात टाकून तो गेला. जाताना म्हणाला, "बाबा, गाडी अधूनमधून चालवत जा, नाहीतर बॅटरी उतरेल."

बाबा कसले चालवतात! खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी झाली ती सायकलवरून ये-जा करून, आणि डावा डोळा काचबिंदूने नेलेला. म्हणून मी शिकले. बॅटरी उतरू नये म्हणून. बायका विचारायच्या, या वयात कुठे हे खूळ? मी सांगायचे, काय करणार, बॅटरी. आपल्या घरात प्रत्येक गोष्टीला असं काहीतरी निमित्त लागायचंच. महाबळेश्वर पाहिलं ते तुमच्या पुतणीसाठी वाईला स्थळ बघायला गेलो म्हणून. सिनेमा पाहिला तो गावाकडचे पाहुणे मागे लागले म्हणून. "चल, जरा फिरून येऊ," हे वाक्य आपल्या लग्नात कुणीच उच्चारलं नाही. तुम्हाला तुमच्या आईने तसं वाढवलं आणि मला माझ्या.

तुम्ही निवृत्त झालात आणि माझ्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसायला लागलात. काय बघता म्हटलं तर म्हणायचात, "काही नाही, सुई." माणूस समोर बसून सुई बघत असला की कुणाचीही शिवण वाकडी जाईल. मग एक दिवस खाली गेलात, होडी धुतलीत, आणि वर येऊन जाहीर केलंत, "रविवारी हिला पाण्यात घालू."

"लग्नसराई आहे," मी म्हटलं.

"नुसती पडून राहिली तर तडकेल."

झालं. होडी तडकू नये म्हणून मी मशीनवर कापड झाकलं.

तो पहिला रविवार मी मेल्यावरही विसरणार नाही. तुम्ही टपावर जुनी गादी घातलीत, वॉचमनला हाताशी घेऊन होडी वर चढवलीत आणि नायलॉनची दोरी काढलीत. गाडीच्या काचा खाली करायला लावल्यात मला. या खिडकीतून आत, त्या खिडकीतून बाहेर, पुन्हा होडीवरून, पुन्हा आत. पुढे तसं, मागे तसं. प्रत्येक गाठ ओढून बघितलीत, टिचकी मारून बघितलीत. कारखान्यात तुमच्या हातून गेलेलं काम कधी परत आलं नाही, हे मला त्या दिवशी पटलं. मग हात झटकून म्हणालात, "चल, बस." मी दाराला हात घातला. दार उघडेना. पलीकडचं उघडेना. मागची दोन्ही उघडेनात. तुम्ही होडीबरोबर चारही दारं बांधून टाकली होती.

तुमचा चेहरा! तुम्ही गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारलीत, जसं काही पाचवं दार कुठेतरी सापडणार होतं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मंगलाताई गॅलरीतून म्हणाल्या, "भावजी, डिकी आहे की!" त्यांनी टोमणा मारला होता हो. तुम्ही खरंच डिकी उघडलीत आणि आत शिरलात. मागच्या सीटवरून पुढे सरकताना तुमचा एक बूट बाहेर राहिला. आतून मला म्हणता, "ये, जागा आहे." साडी नेसलेली मी, डिकीतून? मी तिथेच पायरीवर बसले आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही आतून गंभीर चेहऱ्याने बघत होतात. त्या दिवशी आपण कुठेच गेलो नाही. गाठी इतक्या पक्क्या होत्या की शेवटी दोरी माझ्या कात्रीने कापावी लागली, आणि कात्रीची धार गेली म्हणून मी तुम्हाला आठवडाभर बोलले.

पुढच्या खेपेला तुम्ही बकल लावलेले पट्टे आणलेत. दारं उघडी ठेवायची, पट्टा आतून घ्यायचा, आवळायचा, मग दारं लावायची. हा शोध तुम्ही असा सांगितलात जसा काही मीच दारं बांधली होती.

मग आपल्याला सवयच झाली. जुनी गोधडी आणि समीरच्या फाटक्या जीन्स घालून मी दोन जाड गाद्या शिवल्या. त्या टपावर पुढे-मागे टाकायच्या. होडी गाडीच्या मागे आणायची, पुढचं टोक मी धरून टपाच्या कडेला टेकवायचं, आणि मागून तुम्ही रेटायचं. सगळं वजन एकदम कधी उचलायचं नाही, आधी अर्धं, मग अर्धं. "थांब." "हां." "सोड." "डावीकडे. तुझ्या नाही, माझ्या." एरवी घरात दिवसाकाठी आपलं बोलणं किती व्हायचं? जेवायला या, दूध आणा, गोळी घेतलीत का. पण होडी चढवताना तुमच्या तोंडाला नुसती धार लागायची. मलाही. डावं-उजवं यावरून आपण जेवढे भांडलो तेवढे पैशावरून कधी भांडलो नाही.

होडीचं शेपूट गाडीच्या मागे बाहेर यायचं. त्याला लाल फडकं लागतं म्हणालात, म्हणून मी ब्लाउजपिसाचा उरलेला लाल तुकडा बांधायचे. काठाचा होता, मागून येणाऱ्यांना लग्नाची गाडी वाटायची. आळंदी रोडला एकदा पोलिसाने बाजूला घेतलं.

"हे काय आहे?"

"होडी," तुम्ही म्हणालात. बघा, पोलिसासमोर मात्र होडी.

"वर कशाला ठेवलीये?"

"आत मावत नाही."

मी स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं. म्हटलं, आता हा आपल्याला चौकीवर नेतो. पण तो पट्टे ओढून बघत गाडीभोवती फिरला आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "मावशी, हळू चालवा." तुमच्याकडे त्याने पुन्हा बघितलंसुद्धा नाही.

आणि रेडिओ. तो वाद तुम्ही तसाच टाकून गेलात, म्हणून तोही काढते आता. चाकणच्या पुढे रस्ता मोकळा झाल्यावर टपावरून एकदा गुरगुर सुरू झाली होती, मला वाटलं इंजिनच गेलं. तुम्ही गाडी थांबवायला लावलीत, उतरलात, पट्ट्याला एक पीळ दिलात, आणि आवाज गप्प. सपाट पट्टा वाऱ्याने थरथरतो, पीळ दिला की थरथरत नाही, असं मला समजावलंत. ठीक. मी खूश झाले, म्हटलं आता रेडिओ लावू. रविवारी सकाळी जुनी गाणी लागतात, मशीनवर बसून मी ती कधीपासून ऐकत आलेय. मी लावला, तुम्ही बंद केलात.

"का हो?"

"पट्ट्याचा आवाज आला पाहिजे."

"पीळ दिलाय ना? मग कसला आवाज?"

"सैल झाला तर कळायला नको?"

त्यानंतर दर रविवारी हेच. मी लावायचे, तुम्ही बंद करायचात. मी म्हणायचे, माणसाने बायकोला एवढं तरी सुख द्यावं. तुम्ही काच थोडी खाली करून बाहेर बघत बसायचात, हट्टी माणसासारखे. एकदा तर मी इतकी चिडले की धरणापर्यंत एक शब्द बोलले नाही. आणि तुम्ही उतरताना म्हणता, "आज रस्ता छान होता." मला वाटलं, हा माणूस मुद्दाम डिवचतोय.

धरणाच्या फुगवट्याला बबनरावांच्या शेतातून खाली उतरायचं. ते आणि त्यांची बायको, दोघंही साधी. तुम्ही होडी घेऊन काठाच्या वळणामागे गेलात की मी बांधावर खुर्ची टाकून ब्लाउजांना हूक लावत बसायचे. पाण्यात बसायला तुम्ही मला कधी बोलावलं नाहीत आणि मला हौसही नव्हती. दुपारी तुम्ही परत यायचात हात हलवत. क्वचित एखादी चिलापी, तीही एवढीशी. परतीच्या वाटेवर तुम्ही खडकी बाजारात जायला लावायचात, तिथून मासे घ्यायचात, आणि घरी मंगलाताईंनी विचारलं की पिशवी वर करून दाखवायचात. मी काही बोलायचे नाही. मनात मात्र म्हणायचे, एवढं धूड चढवायचं, उतरवायचं, इतक्या लांब गाडी हाकायची, आणि मासे शेवटी बाजारातलेच.

परवा बबनराव आले होते. त्यांना तुमचं उशिरा कळलं. दारात चप्पल काढताना डोळे पुसले, ओल्या शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली आणि तुमच्या फोटोसमोर बराच वेळ बसून राहिले. फोटोत तुम्ही जरा कडेला बघताय, उजव्या डोळ्याने. चहा झाला. मी उगाच बोलायचं म्हणून म्हटलं, "होडी रविवारी चाललीये, बबनराव. आता मासे धरणारं कोण आहे?"

ते हसले. हसावं की नाही अशा बेताने.

"वैनी, भाऊ मासं कुटं धरायचं? दोन वरसं झाली, गळाला काय लावलंच न्हाई त्यांनी. त्या वळनापल्याड जायचं, होडी झाडाला बांधायची, आन् टोपी तोंडावर घिऊन झोपायचं."

"झोपायचे?"

"व्हय. म्या इचारलं एकडाव, भाऊ, झोपायला येवढ्या लांब कशापायी? तर म्हनले, झोपायला न्हाई रं, येतानाच्या रस्त्यापायी येतो." बबनरावांनी कप खाली ठेवला. "म्हनले, ही गाडी चालवाय बसली की गुनगुनती. घरी मशिनीवर कवाच न्हाई, गाडीतच. रेडू लावला की गप बसती, बंद केला की आपसूक चालू हुती. तिला ठावं बी न्हाई. म्या म्हनलं, मग वैनीला सांगा की. तर म्हनले, सांगितलं तर बंद पडंल."

मी पिशवीतल्या शेंगा परातीत काढायला लागले. दुसरं काय करणार होते? शेंगा जमिनीवर सांडत होत्या. बबनरावांना वाटलं मला वाईट वाटलं. वाईट नव्हतं वाटलं, मला संताप आला होता तुमचा!

"मग नुसतं चल म्हणायला काय झालं होतं यांना?" मी बबनरावांवरच ओरडले बिचाऱ्यांवर. "ते धूड कशाला हवं होतं? यांची कंबर, माझे खांदे, तो पोलीस, त्या गाद्या..."

बबनराव शांतपणे म्हणाले, "नुसतं चल म्हनले असते तर तुमी आला असता का?"

अहो, त्यांनी हे साधेपणाने विचारलं. मी सांडलेल्या शेंगा वेचायला लागले. तुम्ही एखाद्या रविवारी म्हणाला असतात, "चल, गाडीतून एक चक्कर मारून येऊ, तू छान चालवतेस," तर मी तुमच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं असतं. आणि तुम्हाला तरी ते म्हणता आलं असतं का? जीभ वळली असती तुमची? त्यापेक्षा चाळीस किलोचं प्लास्टिक टपावर चढवणं तुम्हाला सोपं वाटलं. धन्य आहे तुमची, आणि माझीही.

बबनराव गेल्यावर मी खाली गेले. गाडीत जाऊन बसले. काचा बंद केल्या आणि मोठ्याने रडले, तेराव्यालाही रडले नव्हते तशी. मला काय वाटत होतं सांगू? मला वाटायचं की तुम्ही तुमच्या नादात आहात आणि मी तुमची ड्रायव्हर. मी कुरकुर करत यायचे आणि मनातून शनिवारपासून रविवारची वाट बघायचे. आळंदी मागे पडली की छाती कशी मोकळी व्हायची, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. समोर रस्ता, हातात चाक, कुणी विचारणारं नाही की बाई माझा ब्लाउज कधी मिळेल. मला वाटायचं, हे माझं एकटीचं चोरून खाल्लेलं सुख आहे. आणि तुम्ही शेजारी बसून ते ऐकत होतात! रेडिओ बंद करून! अहो, बायकोचं गुणगुणणं ऐकायला कुणी पट्ट्याची थाप मारतं का? लबाड आहात. एक नंबरचे लबाड.

कुणाला सांगू हे? समीरला सांगितलं तर तो म्हणेल, किती गोड. गोड वगैरे काही नाही. चिडचिड झालीये माझी. तुम्ही असतात तर मी तुम्हाला घरातून बाहेर काढलं असतं, आणि मग चहाला बोलावलं असतं.

एवढं बोलून मी उठले होते, बाही लावली, दिवा लावला. आता रविवार होऊन गेला आहे, तेव्हा पुढचं सांगते.

खराडीचा तो मुलगा आला, बरोबर त्याची बायको. दोघंही समीरच्याच वयाची, दोघंही त्या कंपन्यांमधली. गाडी मोठी, टपावर तयार कठडे. मुलगा दंड थोपटून म्हणाला, "काकू, मी आणि समीर एका झटक्यात वर टाकतो." आणि दोघं मधोमध धरून उचलायला लागले. होडी हेलपाटली, समीरचा पाय सटकला. मग मला राहवलं नाही.

"खाली ठेवा आधी," मी म्हटलं. "असं नाही. मागून आणा. पुढचं टोक टेकवा. थांब. हां. आता मागून रेट. डावीकडे. तुझ्या नाही, माझ्या."

समीर माझ्याकडे बघत राहिला. माझ्या तोंडून तुम्ही बोलत होतात, त्याला कळलं ते. मी त्या दोन गाद्याही देऊन टाकल्या. पट्ट्याला पीळ द्यायला लावला आणि का ते सांगितलं. मुलगा ते फोनमध्ये टिपून घ्यायला लागला. त्याची बायको माझ्याशेजारी उभी होती, गोड मुलगी. तिने विचारलं, "काकू, तुम्हीपण बसायचात का हिच्यात?"

"नाही," मी म्हटलं. "मी गाडी चालवायचे."

मी ते अशा थाटात म्हटलं की मलाच नवल वाटलं. होडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली. मला वाटलं होतं की जीव तुटेल. तसं झालं नाही. होडीपेक्षा मला आता दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती, आणि ती समीरच्या तोंडावर आलेलीच होती.

"चला," तो हात धुऊन म्हणाला, "आता गाडीचा पण फोटो काढून टाकतो. स्वच्छच आहे."

अहो, माझ्या डोक्यात किती कारणं आली म्हणून सांगू! दवाखान्यात जायला लागेल. अस्तराचं कापड आणायला रविवार पेठेत जावं लागतं. मंगलाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्यांना कोण नेणार. एकापेक्षा एक चांगली, खरी वाटणारी. समीरने लगेच ऐकलं असतं. आणि मग मी जन्मभर मंगलाताईंचे गुडघे वाहत बसले असते.

"गाडी राहू दे," मी म्हटलं.

"कशाला गं?"

"मला चालवायला आवडतं."

तो थबकला. "तुला? कधीपासून?"

"बॅटरीपासून."

तो हसला, आणि मग हसू अर्ध्यावर ठेवून माझ्याकडे नीट बघितलं त्याने, लहानपणी ताप उतरल्यावर बघायचा तसं. म्हणाला, "आई, हे कधी बोलली नाहीस." मी म्हटलं, "कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी बोलले नसते. आता बोलले ना? मग विषय संपला." फोन त्याने खिशात टाकला. सोमवारी तो बंगळूरला गेला. जाताना गाडीत हवा भरून ठेवली, तेल-पाणी बघितलं, आणि टपावर पडलेले पट्ट्यांचे ओरखडे पुसायला गेला. मी म्हटलं, ते राहू दे.

आणि आज, मंगळवारी, मी काय केलं सांगू? सकाळी दोन बायका ब्लाउज मागायला येणार होत्या. लग्न तोंडावर आहे त्यांच्याकडे. मी मशीनवर कापड झाकलं, दाराला कुलूप लावलं आणि खाली उतरले. पर्समध्ये किल्ली, चष्मा आणि पाण्याची बाटली. टप मोकळा, मागे फडकं नाही. रेडिओ मी लावला नाही. दिघी गेली, आळंदी गेली, चाकणची ट्रकांची गर्दी गेली, रस्ता मोकळा झाला. मी वाट बघत होते की आता गुणगुणणं सुरू होईल. होईना. एकदा मुद्दाम करून बघितलं, तर आवाज असा फाटका निघाला की माझं मलाच हसू आलं. तुमचं बरोबर होतं. कळलं की बंद पडतं. शेजारची सीट रिकामी होती आणि मी तिकडे बघितलं, एकदा नाही, सारखं बघितलं. मला तुमची फार आठवण आली. हे सरळच सांगते, तुम्ही असताना असली वाक्यं आपल्यात चालत नव्हती.

पण हात मात्र चाकावर सैल होते. छाती मोकळी झाली होती. ते काही बंद पडलं नव्हतं.

बबनरावांच्या खळ्यात गाडी उभी केली. ते गोठ्यातून हात पुसत बाहेर आले. मोकळ्या टपाकडे बघितलं, गाडीच्या मागे बघितलं, मग माझ्याकडे.

"वैनी? आज काय काम काढलंसा?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहज आले."

"बरं क्येलं," ते म्हणाले, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, वैनी आल्यात. च्या टाक."

अहो, इतकं सोपं होतं हो.